आजाऱ्याचा हक्क

पोटाला पिशवी लावलेली असताना नमाज होते का?

आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं की पुष्कळदा शौचाची वाट पोटावर काढून द्यावी लागते आणि तिथे एक प्लॅस्टिकची पिशवी चिकटवतात. ती कधी भरेल हे माणसाच्या हातात राहत नाही. इकडे नमाजेला उभं राहायचं तर अंग पाक हवं, वुजू, म्हणजे नमाजेआधीची अंगशुद्धी, टिकायला हवा. जन्मभर दिवसातून पाच वेळा हा शिरस्ता पाळलेल्या म्हाताऱ्याला कॅन्सरपेक्षा हीच अडचण मोठी वाटू शकते. डॉक्टरला तो हे विचारत नाही. डॉक्टर घाईत असतो, शिवाय हा त्याचा विषयही नव्हे. विचारलंच तर घरभेटीला बरोबर आलेल्या कॉलेजच्या स्वयंसेवक पोराला विचारतो, कारण ते खाटेच्या कडेला बसून निवांत गप्पा मारत असतं.

शरियतीत याचं उत्तर आहे आणि ते सोपं आहे. शरीराचा असा ताबा सुटलेला माणूस सवलतीला पात्र ठरतो. नमाजेची वेळ झाली की त्यानं वुजू करावा आणि नमाज पढावी. मध्ये काही झरलं तरी ती मोडत नाही. उभं राहवत नसेल तर बसून, बसवत नसेल तर पडल्या पडल्या, मानही हलत नसेल तर डोळ्यांच्या खुणेनं. पाणी सोसत नसेल तर स्वच्छ मातीवर हात टेकवून ते चेहऱ्यावरून आणि हातांवरून फिरवायचे, त्याला तयम्मुम म्हणतात. मदरशात शिकलेल्या मुलाला यातलं बरंचसं ठाऊक असतं. तरी शहाणा मुलगा तिथल्या तिथे निवाडा देत बसत नाही. ‘उस्तादांना विचारून सांगतो’ म्हणतो आणि जमलं तर पुढच्या खेपेला उस्तादांनाच घेऊन येतो. कारण म्हाताऱ्याला नियम ऐकायचा असतो तो मान असलेल्या माणसाच्या तोंडून.

केरळातला मलप्पुरम जिल्हा हा अशा प्रश्नांचा मुलूख आहे. २०११च्या जनगणनेत इथली लोकसंख्या ४१ लाखांवर होती आणि त्यात मुसलमान ७० टक्के. मशिदी, सुपारीच्या बागा, आखाती पैशातून उठलेली दुमजली घरं, सकाळी शाळेआधी मदरसा गाठणारी मुलं आणि फुटबॉलचं वेड. बाहेरच्या वर्तमानपत्रांत या जिल्ह्याचं नाव येतं ते बहुधा राजकारणापायी. पण औषधाच्या जगात तो वेगळ्याच कारणानं माहीत आहे. बरं न होणाऱ्या माणसाची घरी जाऊन, फुकट, मरेपर्यंत काळजी घ्यायची, आणि ती शेजाऱ्यापाजाऱ्यांनी घ्यायची, हा प्रयोग इथे जितका रुजला तितका भारतात दुसरीकडे क्वचितच रुजला असेल.

सुरुवात शेजारच्या कोळिकोडला झाली. १९९३मध्ये तिथल्या मेडिकल कॉलेजात डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि स्वयंसेवक अशोक कुमार यांनी वेदनाशमनाचं छोटं केंद्र उघडलं. लवकरच त्यांच्या ध्यानात आलं की ज्याला याची सर्वांत जास्त गरज आहे तो माणूस केंद्रापर्यंत पोहोचतच नाही. तो गावात खाटेला खिळलेला असतो. मुंबईत बांद्र्याला १९८६मध्ये ‘शांती आवेदना’ सुरू झालं होतं, पुण्यात वारज्याला १९९७मध्ये सिप्लाचं केंद्र आलं. दोन्ही कामं मोठी, पण रोग्यानं तिथे यायचं, अशी त्यांची मूळ घडण. मलबारातल्या मंडळींनी उलटं केलं. १९९९पासून पुढच्या दोनेक वर्षांत त्यांनी गावागावांतल्या गटांचं एक जाळं उभारलं आणि त्याचा पहिला मोठा पसारा झाला तो मलप्पुरममध्येच. आठवड्याला किमान दोन तास देऊ शकेल त्याला सोळा तासांचं वर्गातलं शिक्षण आणि वर चार दिवस नर्सबरोबर घरोघर फिरणं. एवढ्यावर माणूस कामाला लागतो.

या जाळ्यात विद्यार्थी फार आहेत. शाळा-कॉलेजांत त्यांचे गट आहेत आणि त्यांच्या वाट्याला येणारी कामं अगदी साधी. गाडीतून ड्रेसिंगचा डबा उतरवायचा. वॉटर बेडमध्ये पाणी भरायचं. उम्मांना, म्हणजे घरातल्या आईला, गोळ्यांची पाकिटं सकाळ-दुपार-रात्र अशी लावून द्यायची. नारळाच्या किंवा सुपारीच्या झाडावरून पडून कमरेखाली लुळा झालेला माणूस इथे बऱ्याच गावांत सापडतो; असे लोक घरात बसून छत्र्या बनवतात, त्या जूनच्या आधी कॉलेजात विकायच्या. दुकानांच्या गल्ल्यांवर ठेवलेले मदतीचे डबे गोळा करायचे. अलीकडे ‘बिर्याणी चॅलेंज’ फार चालतं: गावानं ऑर्डरी द्यायच्या, पोरांनी रात्रभर देगा चढवून सकाळी पाकिटं पोहोचती करायची, नफा दवाखान्याला.

आणि वास. याबद्दल कुणी आगाऊ सांगत नाही. तोंडाच्या किंवा स्तनाच्या कॅन्सरची उघडी जखम कुजू लागली की वास खोलीत मावत नाही. घरचे लोक दाराशी थबकतात, नातवंडं आत येईनाशी होतात. यावर नर्स जो उपाय करते तो बघून विज्ञानाच्या विद्यार्थ्यालाही नवल वाटावं. जुलाबावर आपण घेतो ती मेट्रोनिडाझोलची स्वस्त गोळी कुटून तिची पूड जखमेवर पसरायची आणि वर गॉझ ठेवायचा. वास आणणाऱ्या जंतूंचा जोर ओसरतो, काही दिवसांत खोलीत बसवतं. गोळ्या कुटण्याचं काम बहुधा विद्यार्थ्याकडे येतं. घरातला खलबत्ता नाहीतर कागदात घडी करून वर लाटणं.

आता प्रश्न असा की हे सगळं आहे काय? दान, समाजसेवा, पुण्य?

इस्लामी परंपरेत आजाऱ्याला भेटायला जाणं हे दयेच्या खात्यात मांडलेलं नाही. एका मुसलमानाचे दुसऱ्यावर जे हक्क सांगितले आहेत त्यांत ते येतं: सलामाला जबाब देणं, जनाजाबरोबर जाणं, तसंच आजाऱ्याकडे जाणं. हक्क आजाऱ्याचा, देणं धडधाकट माणसाचं. एका प्रसिद्ध हदीसमध्ये तर कयामतीच्या दिवशी खुद्द अल्लाच माणसाला जाब विचारतो की मी आजारी होतो, तू का आला नाहीस. माणूस गोंधळतो, तेव्हा त्याला कळतं की अमका शेजारी अंथरुणाला खिळला होता आणि तिथेच भेट व्हायची होती. जकातीचंही तसंच आहे. श्रीमंताच्या मालात गरिबाचा ठरलेला वाटा आहे, असं कुराण सांगतं. तो दिला म्हणजे उपकार केला असं होत नाही, दुसऱ्याचं आपल्याकडे राहिलेलं परत केलं एवढंच होतं.

हा फरक वरवर शाब्दिक वाटेल, पण खाटेवरच्या माणसाला तो लगेच जाणवतो. घेणेकऱ्याला मान खाली घालावी लागत नाही. आपल्याकडे सेवेच्या गोष्टींत सेवक इतका उजळून निघतो की रोगी पार मागच्या पडद्यावर जातो. आजारी माणूस म्हणजे दुसऱ्याच्या पुण्याईची सोय, असंच चित्र तयार होतं. हक्काची भाषा या प्रकाशाची दिशा बदलते. विद्यार्थी उशिरा आला तर म्हातारीला त्याच्यावर डाफरता येतं. माझ्या मते या कामाची प्रकृती ठीक आहे की नाही हे ओळखायची यापेक्षा चांगली खूण नाही.

पण मग नियतीचं काय? कृत्याची किंमत नियतीवर ठरते, हा इस्लामी नीतिविचाराचा पाया, आणि दिखाव्यासाठी केलेलं सत्कर्म हे तिथे जवळजवळ मूर्तिपूजेच्या पंक्तीला बसवलेलं. केरळात एनएसएससारख्या उपक्रमांना बारावीला ग्रेस मार्क मिळतात. पुढे परदेशी विद्यापीठाच्या अर्जात ‘सामाजिक अनुभव’ हा रकाना असतो. खाटेशेजारचा फोटो मोबाइलवर फिरतो, त्यात रोग्याचा चेहराही येतो. अशा पोराच्या नियतीत किती पाणी? असेल पुष्कळ. मात्र कॅथेटरची पिशवी रिकामी करून हवी असलेल्या माणसाला त्या पाण्याचा हिशेब लागत नाही. हक्काच्या भाषेची ही दुसरी सोय: नियत हा देणाऱ्याचा आणि देवाचा आपसातला मामला राहतो, देणं मात्र चुकतं होतं. फोटोची गोष्ट वेगळी. तिथे रोग्याचाच हक्क मारला जातो, आणि चांगल्या नियतीनं काढलेला फोटोही तितकाच वाईट.

खरी गाठ पडते ती वेदनेपाशी. श्रद्धाळू मुसलमानाला लहानपणापासून शिकवलेलं असतं की पायात काटा रुतला तरी त्या दुखण्यानं पापं झडतात. मग हाडांत पसरलेल्या कॅन्सरच्या कळा सोसणारी बाई मॉर्फिन नाकारते तेव्हा ती अडाणीपणानं नाकारते असं म्हणता येत नाही. तिच्या लेखी हा शेवटचा हिशेब साफ होत असतो आणि समोरचा पोरगा दहा मिलिग्रॅमच्या गोळीनं तो अडवायला आलेला असतो. त्यात मॉर्फिन म्हणजे अफूच्या कुळातलं. नशा हराम, आणि शुद्ध हरपली तर मरताना कलमा तोंडात येणार कसा, ही धास्ती निराळीच.

यावर धर्मातलं उत्तर दोन पायांवर उभं आहे. एक, पैगंबरांनी औषध घ्यायला सांगितलं आहे. दुखणं आपणहून आलं तर सबर करावा, पण उपाय हाताशी असताना ते अंगावर काढणं म्हणजे सबर नव्हे. दोन, नड असेल तेव्हा उपचारापुरती मनाई सैल होते, त्यामुळे वैद्यकीय मॉर्फिनला बहुतेक विद्वानांची हरकत नाही. तिसरा पाय नर्सचा. ती सांगते की मोजून, हळूहळू वाढवत दिलेल्या मात्रेनं माणूस बेशुद्ध होत नाही. उलट कळा थांबल्या की त्याला दुआ नीट म्हणता येते. हा तिसरा मुद्दा धर्मशास्त्राचा नाही, पण घरात सर्वांत जास्त तोच पटतो. लंडनमध्ये १९६७ साली आधुनिक हॉस्पिसची मुहूर्तमेढ रोवणाऱ्या सिसिली सॉन्डर्स यांनी मांडलं होतं की मरणाऱ्या माणसाचं दुखणं शरीर, मन, घर आणि श्रद्धा अशा सगळीकडून मिळून एक झालेलं असतं. मलप्पुरमच्या ओसरीवर ते पुस्तकाशिवाय दिसतं.

रमजानमध्ये सगळा मामला आणखी अवघड. साधी मॉर्फिनची गोळी दर चार तासांनी घ्यावी लागते. सहेरी ते इफ्तार तेरा-साडेतेरा तासांचं अंतर. मधल्या तीन वेळा चुकल्या की कळा परत डोकं काढतात. आजाऱ्याला रोज्याची सूट आहे, बरा होणार नसेल तर प्रत्येक रोज्यामागे एका गरिबाला जेवू घालायची तोडही आहे. तरीही कित्येकजण ती सवलत घेत नाहीत. आयुष्यातला हा शेवटचा रमजान असणार, हे त्यांना कळलेलं असतं. अशा वेळी डॉक्टर दीर्घकाळ टिकणारी गोळी किंवा कातडीवर चिकटवायची पट्टी शोधतो; पट्टीनं रोजा मोडत नाही असं बरेच विद्वान मानतात, पण ती महाग. विद्यार्थ्यानं इथे काय करावं? समजूत घालावी की मान राखावा? याचा एकच एक नियम करता येईल असं वाटत नाही. ज्या घरात त्याला मुलासारखं वागवतात तिथे तो हट्ट धरू शकतो, दुसऱ्या घरात धरू शकत नाही. म्हणूनच तर पाहुण्या शिबिराला हे काम जमत नाही. वर्षातून एकदा बस भरून येणाऱ्या मेडिकलच्या मुलांना ब्लडप्रेशर मोजता येतं. हट्ट करता येत नाही.

याच मलप्पुरम जिल्ह्यानं २०१७मध्ये गोवर-रुबेलाच्या लसीकरण मोहिमेला खळखळ केली होती. अफवा उठल्या, पालकांनी मुलं पाठवली नाहीत, आरोग्य पथकाला मारहाणही झाली. त्याआधी घटसर्पानं मुलं दगावली होती, तरीसुद्धा. ‘मुसलमान समाज आधुनिक वैद्यकाला घाबरतो’ असं म्हणून ज्यांना मोकळं व्हायचं असतं त्यांनी हे उदाहरण घ्यावं आणि त्याच गल्लीत मॉर्फिनची बाटली घेऊन बिनधास्त आत जाणारी नर्सही बघावी. सरकारी पथक आकडा गाठायला आलं होतं, धडधाकट पोराच्या दंडात सुई टोचायला. पॅलिएटिव्हची, म्हणजे या घरोघरच्या सेवेची, गाडी येते ती घरच्यांनी बोलावल्यावर, आणि तिच्यातून उतरणारं पोर कुणाचं ते गावाला ठाऊक असतं.

ती गाडी मुसलमान नसलेल्या घरीही जाते आणि तिच्यातले स्वयंसेवक सगळे मुसलमान नसतात. मलबारात सुन्नी संघटनांचे दोन मोठे तट आहेत, शिवाय सलफी, जमात-ए-इस्लामी, मुस्लिम लीग आणि लाल बावटा. धार्मिक संघटनांच्या आपापल्या मदत-शाखा आहेत, सुन्नी युवजन संघमची ‘सांत्वनम्’, एसकेएसएसएफ या सुन्नी विद्यार्थी संघटनेची ‘सहचारी’, आणि त्यांच्यात चढाओढही आहे. ती वाईटच असं नाही. वॉटर बेड कुठल्या तटाचा, हे पाठीला कळत नाही. पण हक्क फक्त मुसलमानाचा मुसलमानावर की शेजाऱ्याचा शेजाऱ्यावर, हा प्रश्न उरतो, आणि त्याचं उत्तर ग्रंथांत शोधायच्या आधी पोत्तुकल्लुला काय झालं ते आठवावं. ८ ऑगस्ट २०१९ला निलंबूरजवळ कवळप्पारात डोंगर खचला, ५९ माणसं गेली. मृतदेह दूरच्या इस्पितळात न्यायची सोय नव्हती. तेव्हा पोत्तुकल्लुच्या मशिदीनं नमाजेची जागा शवविच्छेदनाला दिली, मदरशातलंच सामान टेबलं म्हणून वापरलं आणि वुजूच्या जागी देह धुतले. त्यात हिंदू होते, ख्रिस्ती होते. शुक्रवारची नमाज गावाच्या बसस्टँडवर झाली. पावित्र्याच्या नियमांवर जिथे एरवी तासभर वाद होऊ शकतो, तिथे कुणी फतवा मागितल्याचं ऐकिवात नाही.

तरीही हक्काच्या या विचारात एक फट आहे आणि ती जुनी आहे. काही कर्तव्यं प्रत्येकावर असतात, नमाजेसारखी. काही सगळ्या समाजावर मिळून असतात: काही जणांनी पार पाडली की बाकीचे सुटतात, कुणीच पाडली नाहीत तर सगळेच गुन्हेगार. अकराव्या शतकातल्या इमाम गझालींनी वैद्यकाला या दुसऱ्या वर्गात घातलं आणि वर आपल्या काळावर कोरडाही ओढला. गावात मुसलमान वैद्य औषधाला नाही, आणि हुशार पोरं मात्र झुंडीनं धर्मकायदा शिकायला पळतात, कारण तिकडे काझीपद आणि वक्फची मालमत्ता आहे. हजार वर्षांनी धर्मकायद्याच्या जागी इंजिनिअरिंग आणि आखातातली नोकरी घातली की टीका तशीच लागू पडते.

फट अशी की ‘काही जण करताहेत’ हे कळलं की उरलेले निवांत होतात. २००८मध्ये केरळ सरकारनं पॅलिएटिव्ह सेवेचं धोरण जाहीर केलं, पंचायतींनी नर्सेस नेमल्या, हे योग्यच झालं. २०१०मध्ये ‘इकॉनॉमिस्ट’च्या संशोधन विभागानं ४० देशांत मरणाच्या गुणवत्तेची क्रमवारी लावली. भारत शेवटचा आला, पण केरळचा अपवाद नोंदवला गेला: देशाच्या ३ टक्के लोकसंख्येत देशातली दोन-तृतीयांश पॅलिएटिव्ह सेवा. असा नावलौकिक झाला की शेजारी म्हणू लागतो, ‘पॅलिएटिव्हवाले येतात की.’ पूर्वी तो स्वतः डोकावत होता. संघटित सेवेनं असंघटित शेजार मारला, असं सरसकट म्हणणं अन्यायाचं होईल. पण धोका काल्पनिक नाही.

धर्मशास्त्राचा काटेकोर वाचक इथे बोट ठेवील की सामूहिक कर्तव्य फिटतं ते गरज पुरती भागल्यावरच, नुसती कुणीतरी हजेरी लावल्यावर नाही. मग गरज मोजू या. गाडी पंधरवड्यातून एकदा येते, फार तर आठवड्याला. शय्याव्रण होऊ नये म्हणून कूस मात्र दर दोन तासांनी बदलायला हवी, म्हणजे दिवसाला बारा वेळा. यातल्या जवळजवळ सगळ्या खेपा घरातली बाई करते, बायको, मुलगी, बहुतेकदा सून. नवरा आखातात, सासरा खाटेवर. तिला सोळा तासांचं प्रशिक्षण नाही, प्रमाणपत्र नाही, १५ जानेवारीच्या पॅलिएटिव्ह दिनाच्या मिरवणुकीत ती नसते, कारण घर सोडून जाता येत नाही. बाकी समाज ज्या कर्तव्यातून सुटला ते प्रत्यक्षात तिच्या एकटीवर नमाजेसारखं फर्ज होऊन बसलं आहे, आणि असं कुठल्याही ग्रंथात लिहिलेलं नाही.

विद्यार्थ्यांच्या गटांना इथे करण्यासारखं बरंच आहे, आणि त्याला ना नर्सचं कसब लागतं ना डॉक्टरचा सल्ला. आठवड्याचे ते दोन तास एका ठरलेल्या घरी, ठरलेल्या वारी द्यायचे. म्हाताऱ्यापाशी बसायचं, वेळ झाली की कूस बदलायची, आणि सुनेला बँकेत, माहेरी किंवा वरच्या खोलीत झोपायला जाऊ द्यायचं. मुलींनी गेलेलं बरं. परक्या पोराला घरात एकटं बसवून सून बाहेर पडणार नाही, आणि रोगी सासू असेल तर तो प्रश्नच मिटला. या कामाचा फोटो निघत नाही आणि ग्रेस मार्कांच्या फॉर्मात ते कोणत्या रकान्यात लिहायचं हेही ठरलेलं नाही.